रेप्लिकेशन मंद नाही, ते गाडीची वाट बघतंय

प्रश्न थोडक्यात असा: मुख्य कचेरी पुण्यात, दुसरं डेटा सेंटर नागपूरला, ४६ शाखा आणि प्रत्येक शाखेत एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे खाती, पासवर्ड आणि ग्रुप यांच्या नोंदवहीची (ॲक्टिव्ह डिरेक्टरीची) प्रत सांभाळणारा सर्व्हर. एका प्रतीतला बदल बाकीच्या प्रतींपर्यंत पोचणं म्हणजे रेप्लिकेशन. एक्स्चेंज २०१९ चे मेल सर्व्हर फक्त पुण्यात आणि नागपुरात. शाखेतला आयटीवाला नवीन कर्मचाऱ्याचं खातं उघडतो, पुण्याची टीम त्याला मेलबॉक्स जोडते, पण त्याचं नाव सगळ्यांच्या ॲड्रेस बुकमध्ये दिसायला दुसरा, कधी तिसरा दिवस उजाडतो. ग्रुपमध्ये नाव घातलं तर नागपूरहून त्या ग्रुपला पाठवलेल्या मेल त्याला दुपारपर्यंत येत नाहीत. पासवर्ड मात्र लगेच बदलतो. नेटवर्कवाले म्हणतात, शाखांच्या ४ एमबीपीएसच्या लाइन अपुऱ्या आहेत, दुप्पट करा. करायच्या का?

नका करू. निदान इतक्यात तरी नको. गावाला दर तीन तासांनी एक एसटी असेल आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत सुटली असेल, तर रस्ता चौपदरी करून तुम्ही लवकर पोचत नाही. नव्या कर्मचाऱ्याच्या खात्याची सगळी माहिती मिळून काही केबी भरते. ती ४ एमबीपीएसच्या लाइनवरून डोळ्याची पापणी लवायच्या आत जाते. तुमचा वेळ जातोय तो स्टँडवर. बिघाडही असेल, आहे असा मला संशयही आहे, पण तो शोधण्याआधी काहीही न बिघडता किती वेळ लागायला हवा, हा हिशेब मांडू. हा हिशेब न करता लोक इव्हेंट लॉग उघडून बसतात, आणि तिथे काही ना काही लाल सापडतंच.

एकाच साइटमधल्या डोमेन कंट्रोलरांचं काम झटपट असतं. (साइट म्हणजे वेगवान जाळ्याने जोडलेलं एक ठिकाण: पुणे एक, नागपूर एक, प्रत्येक शाखा एक.) बदल झाला की तो सर्व्हर १५ सेकंद थांबतो, पहिल्या जोडीदाराला ‘माझ्याकडे नवीन आहे’ अशी खबर देतो, मग ३-३ सेकंदांनी बाकीच्यांना. जोडण्या अशा बांधलेल्या असतात की बदलाला तीनपेक्षा जास्त उड्या माराव्या लागत नाहीत. म्हणजे पुण्याच्या पुण्यात मिनिटभरात सगळीकडे. (विंडोज २००० मध्ये हे १५ सेकंद म्हणजे ५ मिनिटं होती. ‘रेप्लिकेशनला पंधरा मिनिटं लागतात’ असं सांगणारी जुनी मंडळी भेटतात, ती तेव्हाची.)

दोन साइटांमध्ये मात्र खबर देणं नाही. ज्याला माल हवा तो ठरलेल्या वेळी जाऊन विचारतो, ‘काही नवीन?’ ही ठरलेली वेळ साइट लिंकवर, म्हणजे दोन साइटांना जोडणाऱ्या डिरेक्टरीतल्या नोंदीवर, लिहिलेली असते. कुणी हात लावला नसेल तर ती १८० मिनिटं असते, आणि १५ च्या खाली नेता येत नाही. आता चिपळूणच्या शाखेत उघडलेलं खातं घ्या. पुण्याचा सर्व्हर चिपळूणला नुकताच विचारून गेला असेल, तर पुढची फेरी तीन तासांनी. पुण्यात मेलबॉक्स जोडला, त्याची माहिती नागपूरला जायला पुन्हा तीन तासांपर्यंत. झाले सहा तास. नागपूरहून पाठवलेल्या मेल दुपारपर्यंत का येत नाहीत, याचं उत्तर बहुधा इथेच संपतं.

पण ‘दुसरा, कधी तिसरा दिवस’ याचं उत्तर संपत नाही, कारण ते दुखणं रेप्लिकेशनचं नाहीच. आउटलुक कॅश मोडमध्ये चालत असेल, आणि बहुतेक ठिकाणी तसंच चालतं, तर माणूस बघतो ती ॲड्रेस बुक त्याच्या स्वतःच्या संगणकावरची प्रत असते. एक्स्चेंज २०१९ ही ऑफलाइन ॲड्रेस बुक दर ८ तासांनी नव्याने तयार करतो, आणि आउटलुक ती २४ तासांतून एकदा उतरवून घेतो. ती नागपूरच्या सर्व्हरवर बनत असेल, तर सहा अधिक आठ अधिक चोवीस, म्हणजे ३८ तास. एकही तार तुटलेली नाही, एकही सर्व्हर आजारी नाही, तरी दीड दिवस. हे पडताळायला एक मिनिट लागतं: त्याच माणसाला ब्राउझरमधून मेल उघडून नाव शोधायला सांगा. ब्राउझरमधलं आउटलुक थेट डिरेक्टरीला विचारतं. तिथे नाव दिसतंय आणि संगणकावरच्या आउटलुकमध्ये नाही, तर तुमच्या डोमेन कंट्रोलरांना उगाच बोल लावू नका. ॲड्रेस बुक हाताने उतरवून घेण्याची सोय आउटलुकमध्ये आहे. मनुष्यबळ विभागाला ती शिकवली की निम्म्या तक्रारी बंद होतात.

दुसरी एक गोष्ट तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेली दिसते, ती काढून टाकायला हवी. एक्स्चेंज शाखेतल्या डोमेन कंट्रोलरला काहीही विचारत नाही. तो आपल्या साइटमधल्या डोमेन कंट्रोलरांना आणि ग्लोबल कॅटलॉगना (संपूर्ण डिरेक्टरीची शोधयादी ठेवणाऱ्या डोमेन कंट्रोलरांना) विचारतो, ते सगळे झोपले तरच बाहेर बघतो. एक्स्चेंज २०१० पासून आउटलुकही ॲड्रेस बुकसाठी थेट ग्लोबल कॅटलॉगकडे जात नाही, मेल सर्व्हरच्या मार्फत जातो. म्हणजे मेलच्या दृष्टीने ४६ शाखांचं जाळं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचे टप्पे दोनच: बदल जिथे लिहिला तिथून पुणे, आणि पुणे ते नागपूर. रत्नागिरीला तो बदल संध्याकाळी पोचला तरी रत्नागिरीच्या मेलचं काही अडत नाही.

पूर्वी असं नव्हतं. एक्स्चेंज ५.५ पर्यंत मेल सर्व्हरची डिरेक्टरी त्याची स्वतःची असे, आणि दोन साइटांमधली डिरेक्टरीची देवाणघेवाण चक्क मेलच्या रूपात होत असे. मेलची रांग तुंबली की डिरेक्टरीही तुंबायची, आणि डिरेक्टरी शिळी म्हणून मेल परत यायच्या. एक्स्चेंज २००० ने हा संसार ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे सोपवला. तेव्हापासून मेलवाल्याच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा दुसऱ्याच टीमच्या सर्व्हरवर असतं, आणि दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवतात. तुमच्याकडे तिसरी टीम लाइनकडे बोट दाखवतेय, एवढाच फरक.

आता मोजमाप. मी नेहमी एकच वस्तू धरतो आणि तिच्या मागे चालत जातो. शाखेच्या डोमेन कंट्रोलरवर एक चाचणी कॉन्टॅक्ट (नुसती नाव-पत्त्याची नोंद) तयार करा. यूझर नको, कॉन्टॅक्टच, कारण त्याने कुणी लॉगिन करत नाही आणि त्याला मध्येच कुणी हात लावत नाही. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. मग प्रत्येक डोमेन कंट्रोलरला पॉवरशेलमधून त्या कॉन्टॅक्टचा ‘व्हेनचेंज्ड’ हा गुणधर्म विचारा, सर्व्हरचं नाव दरवेळी स्पष्ट देऊन. गंमत अशी की हा गुणधर्म स्वतः रेप्लिकेट होत नाही. प्रत्येक डोमेन कंट्रोलर तो बदल आपल्याकडे कधी उतरला ती वेळ तिथे लिहितो. म्हणजे हा त्या वस्तूचा टपाली शिक्का झाला: चिपळूण १०:०२, पुण्याचा पहिला सर्व्हर १२:४७, दुसरा १२:४७, नागपूर १५:३१. कुठल्या टप्प्यावर किती वेळ गेला ते कागदावर येतं आणि वाद मिटतो. रेपॲडमिन या रेप्लिकेशन तपासायच्या कमांडचा ‘शोऑब्जमेटा’ हा पर्याय याच वस्तूचा प्रत्येक गुणधर्म मूळ कुठल्या सर्व्हरवर आणि कधी लिहिला गेला ते सांगतो. दोन्ही जोडून वाचा.

टप्प्याची वेळ साइट लिंकवरच्या आकड्याच्या आत आली, तर तिथे बिघाड नाही, वेळापत्रक आहे. ती त्याहून जास्त आली, तरच पुढचं वाचायची गरज.

पासवर्डचं मधेच सांगतो, कारण ‘पासवर्ड लगेच बदलतो, म्हणजे रेप्लिकेशन ठीक आहे’ असा निष्कर्ष मी बैठकांमधून अनेकदा ऐकलाय. पासवर्ड बदलला की तो डोमेन कंट्रोलर वेळापत्रकाची वाट न बघता पीडीसी एम्युलेटरला, म्हणजे पासवर्डच्या बाबतीत ज्याचा शब्द शेवटचा त्या डोमेन कंट्रोलरला, तो तडक कळवतो. आणि कुठल्याही डोमेन कंट्रोलरला पासवर्ड चुकीचा वाटला, तर नाही म्हणण्याआधी तो पीडीसीला विचारून घेतो. ही वेगळी खिडकी आहे, रांगेबाहेरची. तिच्यावरून रांगेबद्दल काहीच कळत नाही.

आता जिथे मला खरा संशय आहे तिकडे येतो: पुण्याचा ब्रिजहेड, म्हणजे बाहेरच्या साइटांशी देवाणघेवाण करणारा डोमेन कंट्रोलर. डोमेन कंट्रोलर एकाच वेळी अनेकांना माल देऊ शकतो, पण घेताना एका वेळी एकाकडूनच घेतो. येणारी प्रत्येक फेरी रांगेत उभी राहते. तुमच्या ४६ शाखा पुण्याच्या एकाच सर्व्हरला जोडलेल्या असतील, तर कामं ४६ नाहीत. प्रत्येक शाखेकडून डोमेन, कॉन्फिगरेशन, स्कीमा आणि डीएनएसची दोन अशी पाच विभाजनं (डिरेक्टरीचे वेगवेगळे भाग) स्वतंत्रपणे विचारली जातात. एका फेरीत २३० कामं. वेळापत्रक १८० मिनिटांचं आहे तोवर हे निभावतं. पण कुणीतरी उत्साहाने सगळ्या लिंक १५ मिनिटांवर आणल्या, की एका कामाच्या वाट्याला चार सेकंदसुद्धा येत नाहीत. त्यापेक्षा जास्त लागले की रांग कधीच संपत नाही, आणि तुम्ही वाट बघण्याचं रूपांतर खऱ्याखुऱ्या मंदपणात केलेलं असतं. म्हणून ‘आकडा १५ करा’ हा आंधळा सल्ला मी देत नाही. आधी पुण्याच्या सर्व्हरवर रेपॲडमिनचा ‘क्यू’ पर्याय दिवसभरात दहा वेळा चालवून बघा. रांग येते आणि शून्यावर जाते, तर निरोगी. सकाळी ४०, दुपारी १२०, संध्याकाळी १९०, तर रोग सापडला. अशा वेळी ८४६१ हा कोडही दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की जास्त महत्त्वाचं काम आलं म्हणून हे मागे सारलं. तो बिघाड नाही, गर्दीची खूण आहे.

ही रांग सगळ्यात जास्त कोण अडवतं, तर मेलेल्या शाखा. एका ठिकाणी मला ‘रेप्लिकेशनला दिवस लागतो’ म्हणून बोलावलं होतं. शाखा साठच्या आसपास. त्यातल्या अकरा शाखा दोन वर्षांत बंद झालेल्या, सामान हलवलेलं, जागा मालकाला परत दिलेली, पण डिरेक्टरीत त्यांचे डोमेन कंट्रोलर ठणठणीत जिवंत. ब्रिजहेड प्रत्येक फेरीत त्यांची दारं ठोठावत होता, उत्तराची वाट बघत थांबत होता, मग पुढच्या विभाजनासाठी तेच. मागे जिवंत शाखा तिष्ठत. त्या अकरा सर्व्हरांचा मेटाडेटा (डिरेक्टरीत उरलेल्या त्यांच्या नोंदी) साफ केला, रिकाम्या साइटा आणि त्यांचे डीएनएसमधले पत्ते काढले, आणि संध्याकाळपर्यंत रांग रिकामी झाली. पैसा एक लागला नाही. तुमच्याकडेही आधी शाखांची यादी काढा, ती प्रशासन विभागाकडून घ्या, आयटीकडून नको, आणि डिरेक्टरीतल्या यादीशी ताडून बघा.

त्याच सफाईत आणखी दोन जागा तपासा. कुणी ‘प्रेफर्ड ब्रिजहेड’ म्हणून एखादा सर्व्हर हाताने नेमून ठेवला आहे का? नेमला असेल आणि तो पडला, तर दुसरा धडधाकट सर्व्हर शेजारी असूनही डिरेक्टरी त्याला हात लावत नाही, कारण तुम्हीच तसं सांगितलंय. आणि हाताने बनवलेल्या जोडण्या. आपोआप बनलेल्या जोडण्यांची डागडुजी केसीसी (जोडण्या आखणारा डिरेक्टरीचा स्वतःचा भाग) दर १५ मिनिटांनी करतो, हाताने केलेल्यांकडे तो ढुंकूनही बघत नाही. कधीकाळी कुणीतरी रात्री अडचणीत बनवलेली जोडणी वर्षानुवर्षं तशीच लोंबकळत असते.

आता बिघाडाच्या खुणा. रेपॲडमिनचा ‘शोरेपल’ सगळ्या सर्व्हरांसाठी सीएसव्हीमध्ये काढा आणि एक्सेलमध्ये उघडा. शेवटच्या यशाची वेळ आणि सलग अपयशांची संख्या या दोन रकान्यांवर क्रम लावा. घाईत असाल तर ‘रेपलसमरी’ पुरे. १२५६ हा चुकीचा कोड दिसला तर तो सोडून द्या, तो दुसऱ्या चुकीचा पडसाद असतो, त्याच्या आधीची ओळ वाचा. ८५२४ म्हणजे डीएनएसमध्ये पत्ता सापडला नाही. १७२२ आणि १७५३ म्हणजे दार सापडलं पण उघडलं नाही, बहुधा फायरवॉल: १३५ उघडा ठेवतात आणि त्याच्यानंतर लागणारे ४९१५२ ते ६५५३५ हे पोर्ट विसरतात. विंडोज सर्व्हर २००८ च्या आधी हा पट्टा १०२५ ते ५००० होता, म्हणून जुन्या नियमांच्या फायरवॉलवर नवा सर्व्हर बसवला की हे हमखास होतं. वजा २१४६८९३०२२ हा लांबलचक आकडा म्हणजे ओळख पटली नाही. आधी घड्याळ बघा. ओळख पटवणाऱ्या केर्बेरोस या पद्धतीला ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि शाखेतलं व्हर्च्युअल मशीन आपल्या यजमानाकडून चुकीची वेळ उचलत असतं.

एक बिघाड यात नीट दिसत नाही, तो विस्ताराने सांगतो, कारण ‘लाइन वाढवा’ या सल्ल्याचा उगम अनेकदा तोच असतो. एका ग्राहकाने शाखांच्या एमपीएलएस (भाड्याच्या खाजगी) लाइन काढून साध्या ब्रॉडबँडवर व्हीपीएन घातलं. वेग दुपटीहून वाढला. दुसऱ्या दिवसापासून काही शाखांचं रेप्लिकेशन विचित्र वागायला लागलं: एखाद्याचा फोन नंबर बदलला तर जायचा, पण मोठ्या ग्रुपमध्ये बदल झाला की ती शाखा अडकायची. पिंग व्यवस्थित, पोर्ट उघडे, डीएनएस बरोबर. तीन दिवस सगळे एकमेकांचे स्क्रीनशॉट बघत होते. कारण निघालं पाकिटाच्या आकाराचं. व्हीपीएनच्या बोगद्याचं स्वतःचं वेष्टण लागतं, त्यामुळे १५०० बाइटचं पाकीट त्यातून जात नाही. ते फोडायला हवं, किंवा पाठवणाऱ्याला ‘लहान पाठव’ असं कळवायला हवं. मधल्या फायरवॉलने ते कळवणारे आयसीएमपी निरोप ‘सुरक्षेसाठी’ बंद केले होते. लहान बदल एका लहान पाकिटात मावायचे आणि जायचे, मोठ्यांची पाकिटं वाटेत गडप व्हायची, पाठवणाऱ्याला पत्ता नाही. हे तपासायला नुसतं पिंग उपयोगाचं नाही. न फोडण्याची अट घालून १४७२ बाइटचं पिंग करा (वरचे २८ बाइट मिळून १५०० होतात). उत्तर आलं नाही तर आकडा उतरवत जा. ज्याला उत्तर येईल त्यावरून व्हीपीएनच्या पेट्यांवर एमटीयू किंवा टीसीपीचं एमएसएस (दोन्ही पाकिटाच्या आकाराच्या मर्यादा) बसवा. लाइन दहापट केली असती तरी हे सुटलं नसतं.

ग्रुपचं दुखणं वेगळं. तुमचं फॉरेस्ट, म्हणजे तुमची संपूर्ण ॲक्टिव्ह डिरेक्टरी, किती जुनं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण ‘सर्व कर्मचारी’ असा एखादा ग्रुप २००३ च्या आधीपासून चालत आला असेल तर लक्ष द्या. विंडोज सर्व्हर २००३ ची फॉरेस्ट पातळी येण्याआधी ग्रुपची सदस्ययादी हा एकच अखंड गुणधर्म होता: एक नाव घातलं तरी पूर्ण यादी प्रवास करायची, आणि म्हणूनच ५००० सदस्यांची मर्यादा सांगितली जायची. त्याहून वाईट म्हणजे दोन ठिकाणी एकाच वेळी बदल झाला की नंतरचा जिंकायचा आणि आधीच्याने घातलेली माणसं गुपचूप गायब. पातळी वाढवल्यावर एकेक सदस्य स्वतंत्र जायला लागला, पण फक्त नवे. जुन्या सदस्यांवर ‘लेगसी’ असा शिक्का तसाच राहतो. ‘शोऑब्जमेटा’ने ग्रुप उघडलात तर प्रत्येक नावापुढे तो दिसतो. ज्यांच्यावर आहे त्यांना ग्रुपमधून काढून पुन्हा घाला, थोडे थोडे, रविवारी. ‘सर्व कर्मचारी’सारख्या यादीसाठी खरं तर डायनॅमिक ग्रुप बरा. त्यात सदस्ययादीच नसते, मेल पाठवताना ती शोधून काढली जाते, त्यामुळे रेप्लिकेट करायला काही उरत नाही.

खरोखर लाइन भरणारी एकच गोष्ट माझ्या पाहण्यात आहे, ती म्हणजे फोटो. कर्मचाऱ्यांचे फोटो डिरेक्टरीत घालायची हौस आली की हिशेब करा: ६००० माणसं, प्रत्येकी ६० केबी, म्हणजे ३६० एमबी. मोकळ्या ४ एमबीपीएसवर एका शाखेला बारा मिनिटं, पण पुण्याहून ४६ शाखांना मिळून १६ जीबीहून जास्त. दोन साइटांमधलं ५० केबीच्या वरचं रेप्लिकेशन दाबून पाठवलं जातं खरं, पण जेपीईजी आधीच दाबलेला असतो, तो आणखी दबत नाही. फोटो १० केबीपर्यंत लहान करा आणि शाखेशाखेने घाला.

एखादी शाखा महिनोन्महिने बंद राहून पुन्हा सुरू झाली असेल, तर तिला सरळ जोडू नका. खोडलेल्या वस्तूंची आठवण डिरेक्टरी मर्यादित काळ ठेवते: २००३ च्या सर्व्हिस पॅक १ पासून बनलेल्या फॉरेस्टमध्ये १८० दिवस, त्याआधीच्यांमध्ये हात लावला नसेल तर ६०. त्यापेक्षा जास्त काळ दूर राहिलेला सर्व्हर आला की नोकरी सोडून गेलेल्या माणसांची खाती त्याच्याकडे जिवंत असतात. याच्या खुणा: लॉगमध्ये २०४२, १९८८, रेपॲडमिनमध्ये ८६१४ किंवा ८६०६. मेलवर याचा परिणाम मजेशीर दिसतो: सोडून गेलेल्या आणि नव्या माणसाला एकच मेल पत्ता दिलेला असला की ग्लोबल कॅटलॉगमध्ये त्या पत्त्याचे दोन धनी होतात आणि मेल ५.१.४ (पत्ता संदिग्ध) या कोडने परत येते, तीही एकाच साइटवरून पाठवली तर. अशा सर्व्हरला पुन्हा जिवंत करण्यापेक्षा काढून टाका आणि नवा उभा करा. खाती वेचायचीच असतील तर रेपॲडमिनने आधी सल्ला पद्धतीत चालवा, म्हणजे ते काय काढेल ते फक्त सांगेल.

एक्स्चेंजच्या बाजूने बघायचं ते एकच, पण ते रोज बघा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये २०८० क्रमांकाची नोंद दर १५ मिनिटांनी पडते. त्यात हा मेल सर्व्हर कुठले डोमेन कंट्रोलर आपल्या साइटचे मानतो आणि कुठले बाहेरचे, ते रकान्यांमध्ये असतं. पोचण्याच्या आणि सिंक्रोनाइज्डच्या रकान्यात ७ असायला हवा. नागपूरच्या सर्व्हरच्या यादीत ‘साइटमधले’ म्हणून एखाद्या शाखेचा डोमेन कंट्रोलर आला, किंवा कुणीच आलं नाही, तर सबनेटची, म्हणजे कुठला आयपी पट्टा कुठल्या साइटचा याची, नोंद चुकली आहे. नवीन व्हीलॅन टाकताना नेटवर्कवाले डिरेक्टरीत सबनेट घालायला सांगत नाहीत, आणि मग मेल सर्व्हर भलत्याच साइटचा रहिवासी होतो.

मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने केलं असतं. सगळ्यात आधी, आणि फुकटात: शाखेतल्या आयटीवाल्यांना सांगा की खातं उघडताना कन्सोल पुण्याच्या डोमेन कंट्रोलरला जोडून उघडा. पहिला टप्पाच नाहीसा होतो, तीन तास वाचले. मग बंद शाखांची सफाई. मग पुणे–नागपूर लिंक १५ मिनिटांवर आणा, आणि तिच्या ‘ऑप्शन्स’ या गुणधर्मात १ लिहा, म्हणजे त्या दोन साइटांमध्येही एकाच साइटसारखी खबर जायला लागते. आधी तिथे काही आकडा असेल तर तो पुसू नका, त्यात १ मिळवा. हे फक्त याच लिंकवर. शाखांच्या लिंक ६० वर ठेवा, आणि पुण्यात निदान तीन ब्रिजहेड होऊ द्या. नवा सर्व्हर उभा केला म्हणून जुन्या जोडण्या आपणहून त्याच्याकडे सरकतील असं धरू नका, वाटणी झाली का ते बघा. शाखेशाखेत आपसात रस्ता नसेल, सगळं पुण्यावरूनच जात असेल, तर ‘सगळ्या साइट लिंक जोडा’ ही खूण काढा. नाहीतर पुण्याचे सर्व्हर देखभालीसाठी बंद केले की केसीसी सांगलीला गोंदियाशी जोडू बघतो.

रेपॲडमिनचा ‘सिंकऑल’ (सगळ्यांशी आत्ताच रेप्लिकेट कर, असा हुकूम) दर पाच मिनिटांनी चालवणारं शेड्यूल्ड टास्क कुणी करून ठेवलं असेल, तर ते आजच बंद करा. ते रांगेत आणखी माणसं घुसवतं आणि आजार झाकतं. मेलबॉक्स क्लाउडवर हलवायचा विचार असेल तर आणखी एक स्टँड वाढतो: एन्ट्रा कनेक्टची (डिरेक्टरी क्लाउडशी जुळवणाऱ्या प्रोग्रामची) फेरी नेहमीच्या मांडणीत दर ३० मिनिटांनी असते, आणि तीही आपल्या डोमेन कंट्रोलरकडे बदल पोचल्यावरच काहीतरी उचलू शकते.

हे झाल्यावर तोच चाचणी कॉन्टॅक्ट पुन्हा करा, यावेळी पुण्याच्या सर्व्हरवर. नागपूरचा शिक्का मिनिटाभरात पडायला हवा. पाच मिनिटांपेक्षा जास्त लागला तर पुण्याच्या ब्रिजहेडचा ‘क्यू’ आणि ‘शोरेपल’चा सीएसव्ही, दोन्ही एकाच वेळचे, काढून ठेवा. पुढचं बोलणं त्यांच्यावर करू.